अतित कोण?
(लेकराचे मागणे आणि लेकराची गरज)

श्रावणातल्या अमावास्येला पिठोरीचे व्रत असते. ज्या घरी लेकरे आहेत त्या घरची माउली दिवसभर उपास धरते, चौसष्ट योगिनींची पूजा करते, आणि पूजा झाली म्हणजे खीरपुरीचे वाण हाती घेऊन पाठमोरी बसते. वाण खांद्यावरून मागे करते आणि विचारते, "अतित कोण?" मागे उभे असलेले लेकरू म्हणते, "मी." आपले नाव सांगते आणि वाण घेते. अतित म्हणजे अतिथी. पोटचे पोर, ज्याची आंघोळ आपण घालतो, ज्याची नखे आपण काढतो, त्याला वर्षातून एक दिवस तरी पाहुणा समजून "बाबा रे, तू कोण?" असे विचारावे, अशी ही जुनी रीत आहे.

ही रीत मी माझ्या आईपासून पाहत आलो. माझे वय आता साठीच्या पलीकडे गेले आहे. परंतु त्या प्रश्नाकडे प्रश्न म्हणून मी कधी पाहिले नव्हते. आपण विचारतो खरे, पण उत्तर येण्याच्या आधीच खीर पुढे केलेली असते. आणि पाठ तर लेकराकडेच असते!

सज्जनहो, प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. लेकरू मागते एक आणि त्याला हवे असते दुसरे, असे पुष्कळदा घडते. आपण मोठी माणसे मागणे तेवढे ऐकतो. ते पुरवले तरी लेकरू रडतेच, मग त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. हा विषय बालशिक्षणाच्या जाणकारांचा आहे, कीर्तनकाराने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. मला हा धडा एका लाकडी बैलाने दिला, म्हणून आधी बैलाचीच गोष्ट सांगतो.

पोळा महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. पण आमच्या नागपुरात आणि सगळ्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा भरतो. देशावरच्या वारकरी बंधूंना तो ठाऊक नसेल. हा पोळा फक्त लेकरांचा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली तो सुरू केला, अशी परंपरा येथे सांगतात. त्याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक आमच्या इतवारीतून जाते, तेव्हा शहीद चौकात पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी ओसरली की लेकरांचे बैल बाहेर पडतात. लाकडाचे बैल, पायांखाली चाके, गळ्यात घुंगरू आणि ओढायला दोरी.

पोळ्याच्या दिवशी बापाचा हात खऱ्या बैलाच्या कासऱ्याला असतो. बैल धुतलेले असतात, शिंगांना रंग, अंगावर झूल. पाच वर्षांचे पोर त्या बैलाजवळ गेले की चारही बाजूंनी ओरडा होतो, "मागे हो!" ओरडणे खोटे नाही. बैलाचा पाय पडला तर पोराच्या पायाचे पीठ होईल. पण त्या पोराने करावे काय? त्याला बापाजवळ उभे राहायचे आहे, बाप जे करतो ते करायचे आहे. ज्या कोणाला तान्हा पोळा पहिल्यांदा सुचला त्याने पोराला "उगी राहा" म्हटले नाही, की हातावर खडीसाखर ठेवून वाटेला लावले नाही. त्याला पेलेल असा बैल करून दिला आणि पुढचा अख्खा दिवस त्याच्या नावाने सोडला. लेकरू बैल घेऊन दारोदार जाते. घरची बाई बैलाला कुंकू लावते, ओवाळते, आणि बैलवाल्याच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा ही भीक नव्हे, खाऊही नव्हे. बैल राबवणाऱ्याला द्यायचा तो मान आहे. त्या दिवशी पाच वर्षांचे पोर कष्टकरी ठरते. एवढे लेकराचे मन ओळखणारा सण मला दुसरा दिसला नाही.

हल्ली त्यात स्पर्धा शिरली. कोणाचा बैल किती उंच, कोणाची सजावट किती भारी, कोणाच्या पोराला कोणता वेष. परीक्षक येईपर्यंत लेकरे फेटा बांधून ताटकळत उभी, आणि आईबाप मोबाइलवर फोटो काढण्यात गुंग. यात मी कोणाला नावे ठेवीत नाही. मीही त्यातलाच, हे पुढे दिसेलच.

चार वर्षांमागची गोष्ट. नातू सहा वर्षांचा. श्रावण सरत आला होता. चातुर्मास म्हणजे आम्हा कीर्तनकारांचा सुगीचा काळ, आज या गावी तर उद्या त्या गावी. मी पोथी पुढे घेऊन बसलो असता नातू म्हणाला, "आबाजी, मले मोठा बैल पाहिजे." (गल्लीतली पोरे मले-तुले बोलतात, तीच भाषा त्याच्या तोंडी. सूनबाई सुधारते, मी सुधारीत नाही.) म्हटले, देऊ. दोन कीर्तनांची दक्षिणा मोजून त्याच्या छातीएवढा बैल आणला. काचेचे डोळे, पाठीवर मखमलीची झूल. प्रतिपदेच्या संध्याकाळी त्याला धोतर नेसवले, फेटा बांधला आणि चौकात नेऊन उभे केले. पोर दोरी हाती धरीना. रडू लागले. मी समजावले, मग दटावले, मग दात-ओठ खाल्ले. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "महाराज, पोट्टा काहून रडून राहिला?" मी म्हणालो, "हट्टी आहे. कालपर्यंत हाच बैल मागत होता." परीक्षक आले आणि गेले. पोराला उचलून घरी आणले. ते हुंदके देत झोपी गेले.

रात्री सूनबाईने माळ्यावरच्या ट्रंकेमागून एक चिमुकला बैल काढून माझ्यापुढे ठेवला. वीतभर उंचीचा, रंग उडालेला, मागचे एक चाक नाही. तो माझ्या मुलाचा, म्हणजे नातवाच्या बापाचा, लहानपणचा बैल. सूनबाई म्हणाली, "हा त्याला पंधरा दिवसांपूर्वी सापडला. दोनदा घेऊन आला होता तुमच्याकडे. 'आबाजी, चाक लावून द्या ना,' म्हणत होता. तुम्ही 'मग पाहू' म्हणालात." मला एक वेळही आठवेना. पोथीतून मान वर केली असेन तर आठवेल ना! तिसऱ्या वेळी पोराने मागणेच बदलले. चाक लावायला वेळ लागतो, मोठ्या बैलाला पैसे लागतात. आबाजींजवळ काय आहे नि काय नाही, हे सहा वर्षांच्या पोराने बरोबर ओळखले होते.

माझा मुलगा दारात उभा राहून हे ऐकत होता. तो बैल त्याला मीच आणून दिलेला. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला मी परगावी कीर्तनात होतो, आठ दिवसांनी परत आलो तेव्हा येताना घेऊन आलो होतो. तो म्हणाला, "बाबा, मलाही तेव्हा बैल नकोच होता." एवढे बोलून आत गेला.

त्या रात्री झोप लागली नाही. जे आख्यान आजवर शेकडो वेळा सांगितले असेल ते मनात घोळू लागले. भागवताच्या दशमस्कंधाचा नववा अध्याय, दामोदरलीला. काल्याच्या कीर्तनात आम्ही ती रंगवून सांगतो, लोक हसतात, टाळ्या देतात. त्या रात्री मी ते आख्यान श्रोता होऊन ऐकले म्हणा ना.

व्यासांनी आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवली आहे. आम्ही ती घाईत सोडून देतो. त्या दिवशी घरच्या दासी दुसऱ्या कामात गुंतल्या होत्या, म्हणून यशोदा स्वतः घुसळायला बसली होती. म्हणजे आई कामात होती. बाळ येते आणि काय करते? तोंडाने काही मागत नाही. येऊन रवीच धरते. आई ज्या कामात गुंतली आहे त्या कामालाच हात घालते. लेकराची भाषा ही अशी. आज आईच्या हातात रवीच्या जागी मोबाइल असतो आणि लेकरू तो ओढते. आपण म्हणतो, पोराला मोबाइलचे वेड लागले. वेड लागतेही, ते मी नाकारीत नाही. परंतु पहिल्या दिवशी त्याने जो ओढला तो मोबाइलसाठी, की मोबाइलमागे लपलेल्या तोंडासाठी, हे कोणी पाहिले?

यशोदेने पाहिले. रवी थांबवली, बाळाला मांडीवर घेतले, पाजू लागली, त्याच्या हसऱ्या तोंडाकडे पाहत राहिली. इतक्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले. ती बाळाला खाली ठेवून धावली. बाळाचे पोट भरले नव्हते. व्यासांनी तेथे शब्दच 'अतृप्त' असा घातला आहे. मग बाळाचे ओठ थरथरले, दगड उचलून त्याने दह्याचे मडके फोडले आणि आत जाऊन लोणी खाऊ लागले. आता येथे विचार करा. बाळाला लोण्याची भूक होती काय? लोणी घरात नेहमीचेच. अर्धवट सुटली ती आईची मांडी. मडके हे त्या मांडीचे उट्टे. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते फुटलेले मडके आणि चोरून खाल्लेले लोणी. पहिल्या ओळीतली अतृप्ती कोणाला दिसत नाही, कारण ती घडली तेव्हा सगळ्यांचे डोळे दुधाकडे होते.

आणि यशोदेने परत येऊन फुटके मडके पाहिले तेव्हा ती आधी हसली. भागवतात तसे स्पष्ट आहे. मग काठी घेऊन मागे धावली, पकडले. पण बाळ भ्याले आहे, डोळे चोळून काजळ गालभर झाले आहे, हे दिसताच काठी टाकून दिली. नंतर बांधायला गेली तर दावे दोन बोटे तोकडे. घरातली सारी दावी जोडली तरी तोकडेच. दोन बोटांचा अर्थ आम्ही सांगतो की एक बोट जिवाच्या प्रयत्नाचे, दुसरे देवाच्या कृपेचे. तो अर्थ आपल्या जागी बरोबर आहे, टीकाकारांनी सांगितलेला आहे. पण पुढचे पाहा. आई घामाघूम झाली, केसांतली फुले गळाली, ते पाहून बाळाने स्वतः बांधून घेतले. म्हणजे लेकरू आईकडे बघत होते, ती दमली हे त्याला कळत होते. आपण लेकराकडे पाहतो की नाही याचा भरवसा नाही. लेकरे मात्र आपल्याकडे टक लावून असतात.

आता रडणाऱ्या, मडकी फोडणाऱ्या लेकराचे एक बरे की ते निदान कळवते तरी. न रडणाऱ्याचे काय? माझा मुलगा लहानपणी रडत नसे. मी प्रवासाला निघालो की दारापर्यंत येई, पाया पडे, आत जाई. परत आलो की पाणी आणून देई. मी चारचौघांत सांगत असे, आमचा मुलगा गुणी, काही मागत नाही. आज तो मोठा झाला आहे, संसारात नीट आहे, मला काही कमी पडू देत नाही. पण औषधे आणि विजेचे बिल यांपलीकडे आमचे बोलणे जात नाही. जायचे तरी कसे? ते जायला हवे होते त्या दिवसांत मी गावोगावी लोकांना बाळकृष्णाच्या लीला सांगत होतो.

गप्प लेकरू म्हणजे समाधानी लेकरू, हा समज माझ्या एकट्याचा नाही. इंग्लंडात एके काळी इस्पितळांत लहान मुलांना भेटायला आईबापांना फार थोडा वेळ देत असत. आई आली की मूल रडते, ती नसली की शांत राहते, असे तेथल्या परिचारिका आणि डॉक्टर म्हणत. जेम्स रॉबर्टसन नावाच्या गृहस्थाने १९५२ साली एक साधा चित्रपट काढला. अडीच वर्षांची मुलगी, लहानशी शस्त्रक्रिया, आठ दिवस इस्पितळात. एवढेच त्यात आहे. मुलगी फार रडत नाही. रडे दाबते, ओठ आवळते, दिवस जातात तशी मुकी होत जाते, आणि शेवटी आई न्यायला आली तर तिचा हात धरीत नाही. चित्रपट पाहून पुष्कळ डॉक्टरांना राग आला. रॉबर्टसनचे सोबती जॉन बोल्बी यांनी हीच गोष्ट शास्त्राच्या अंगाने मांडली: आधी मूल आकांत करते, मग निराश होते, मग मन काढून घेते, आणि या तिसऱ्या अवस्थेला आपण 'आता रुळला' म्हणतो. १९५९ साली तेथल्या सरकारी समितीने इस्पितळांची दारे आईबापांना मोकळी करावीत अशी शिफारस केली. हे सगळे मला अलीकडे कळले. त्या मुलीने आईचा हात धरला नाही हे वाचले तेव्हा मला पाण्याचा तांब्या आणून देणारा माझा मुलगा दिसला.

आपल्याकडे हे माहीत नव्हते असे नाही. ध्रुवाचे आख्यान काय आहे? पाच वर्षांचे पोर बापाच्या मांडीवर चढू पाहते. सुरुची टाकून बोलते. ती सावत्र आई, तिच्या नावाने बोटे मोडायला आपण मोकळे. पण उत्तानपाद राजा समोर बसला होता ना? त्याने पोराला जवळही घेतले नाही नि सुरुचीला आवरलेही नाही, गप्प राहिला. माझ्या मते त्या आख्यानातला खरा घाव बापाच्या गप्प राहण्याचा आहे. ध्रुवाला पाहिजे होती मांडी. पुढे त्याला राज्य मिळाले, अढळपद मिळाले, आणि भगवंताकडून आपण भलतेच मागून घेतले याची खंत त्याने स्वतःच केली आहे. तो वनातून परत आला तेव्हा राजा रथातून खाली उतरला, त्याला मिठी मारली, मस्तक हुंगले, डोळ्यांतल्या पाण्याने त्याला न्हाऊ घातले. जे त्या दिवशी एका हाताने झाले असते त्याला एवढे तप मध्ये पडावे लागले. प्रत्येक घरात ध्रुव जन्मत नाही. तप करून परत येण्याइतके बळ सगळ्या लेकरांच्या अंगी नसते.

या आख्यानात सुनीतीकडे आमचे लक्ष कमी जाते. तिला ध्रुवाला राजाची मांडी देता येत नव्हती. तिने त्याला आपल्या मांडीवर घेतले. "काही नाही रे, उगी," असे म्हणून फसवले नाही. स्वतः रडली, आणि जे खरे होते ते त्याच्यापुढे मांडले. गरज पुरी करता येत नसली तरी ती ओळखता येते, आणि लेकराला तेवढ्यानेही पुष्कळ होते.

येथे एक शंका निघेल. महाराज, असे लेकराच्या मनात शिरत बसलो तर पोरे डोक्यावर चढून बसतील. आमच्या बापाने आम्हाला विचारले नाही, आम्ही काय वाईट निघालो? ही शंका मला प्रत्येक गावी भेटते, विशेषेकरून माझ्या वयाच्या मंडळींकडून. उत्तर यशोदेपाशीच आहे. दूध उतू जात असता ती उठली, यात तिची चूक नाही. दूध जाऊ देऊन बाळाला धरून बसणे हे शहाणपण नव्हे. मडके फोडले तर शासनही केले. गरज ओळखणे निराळे आणि मागेल ते देणे निराळे. खरे सांगायचे तर लाड हा बहुधा गरज न ओळखल्याचाच परिणाम असतो. मी छातीएवढा बैल आणला तो लाडच होता, आणि तो मी अर्ध्या तासाच्या बदल्यात दिला होता.

ओळखावे कसे, हे मात्र पोथीतून सांगणे कठीण. ज्यांनी ते करून दाखवले त्यांचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याजवळ बालशिक्षणाचे काम शिकल्या आणि १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या लेकरांसाठी केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या वस्तीत गेले. शाळा काढली, पण पोरे येईनात. दुसरे कोणी असते तर म्हणते, यांना शिक्षणाची गोडीच नाही, आईबाप अडाणी. या दोघी घरोघर गेल्या आणि पाहू लागल्या की हे पोर या क्षणी करते आहे काय. मुलगी धाकट्या भावंडाला काखेत घेऊन बसली होती, कारण आई कामाला गेलेली. मुलगा गुरांमागे रानात होता. मग शाळेलाच पाळणाघर जोडले, म्हणजे बहिणीच्या काखेतले मूल खाली ठेवता येईल. गुराख्यांसाठी शाळा कुरणात नेली. बालवाडीला येत नाहीत तर ती त्यांच्या अंगणात भरवली. लेकरे न्हालेली नव्हती तर आधी न्हाऊ घातले, मग अक्षरे. आज 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी कागदावर रुळला आहे, १९७५ पासून त्या नावाची योजना देशभर चालते. त्याचे मूळ या अंगणात जाऊन बसण्यात आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. पुरस्काराहून मला त्यांची ती पहिली खोड मोठी वाटते: पोर येत नाही म्हटल्यावर रागवायच्या आधी जाऊन पाहणे.

आपल्या संप्रदायातल्या एका गोष्टीबद्दल येथे बोललेच पाहिजे, कारण त्यात माझाही दोष आहे. रात्रीच्या कीर्तनाला माउल्या लेकरांना घेऊन येतात. दहा वाजतात, अकरा वाजतात, निरूपण रंगात येते आणि मागून एखादे पोर टाहो फोडते. मी गादीवरून कितीदा तरी म्हटले आहे, "त्या बाळाला बाहेर न्या." ती बाई ओशाळून उठे, सगळे तिच्याकडे पाहत. आता वाटते, त्या पोराला झोप हवी होती, अंधारात आईचा खांदा हवा होता. एवढेच ते सांगत होते, आणि माझ्या निरूपणापेक्षा स्वच्छ सांगत होते. हल्ली मी दोन गोष्टी करतो. सप्ताहाच्या मंडळींना सांगून मंडपाच्या कडेला सतरंजी घालून घेतो, तेथे लेकरांनी लोळावे, झोपावे, आयांनी पाठ टेकून ऐकावे. आणि पूर्वरंग आटोपता घेतो. काही जुने श्रोते नाराज आहेत. असोत.

तसेच हरिपाठाचे. पोराने दंगा केला तर "बस हरिपाठ म्हणत" अशी शिक्षा देणारी घरे मी पाहिली आहेत. बापाला वाटते, चांगली सवय लावली. पोराच्या मनात देवाचे नाव आणि बापाचे डोळे वटारणे यांची गाठ पडली, ती पुढे सुटता सुटत नाही. लेकराला टाळ हवा असतो, बरं का. आजाच्या शेजारी बसून, त्याच्या मांडीला मांडी लावून, चुकीच्या ठिकाणी टाळ वाजवायचा असतो. वाजवू द्यावा. ठेका बसतो मागाहून.

माझ्या घरचे सांगून लेखणी ठेवतो. त्या पोळ्यानंतर मोठा बैल एका शेजाऱ्याच्या पोराला देऊन टाकला. त्याला तो खरोखरच हवा होता, तो अजून मिरवतो. वीतभर बैलाचे चाक मी आणि नातवाने मिळून बसवले. मला खिळा ठोकता येत नाही, हे या वयात कळले. चाक वाकडे बसले आणि बैल डावीकडे वळतो. नातू म्हणतो, "आबाजी, त्याले इकडेच जायचं आहे." दर वर्षी प्रतिपदेच्या आधी ते चाक निखळते, ते आपोआप निखळते की नातू निखळवतो, हे मी विचारीत नाही. चातुर्मासात पोळ्याचे तीन दिवस आता मी बाहेरगावचे कीर्तन घेत नाही.

यंदा आम्ही दोघे ओसरीवर बसून चाकाशी झटापट करीत होतो. मुलगा दुकानातून आला, चपला काढल्या, थोडा वेळ उभा राहून पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, तो खिळा मोठा आहे, लाकूड फाटेल." आत जाऊन बारीक खिळे घेऊन आला आणि माझ्या शेजारी खाली बसला. मी हातोडी त्याच्याकडे दिली.